आधी डंप, मग बोंब
आमच्या कंपनीचा मोठा कॉम्प्युटर बंद पडला की सिस्टमचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या राऊत मॅडम सगळ्यांत आधी आम्हा ऑपरेटरांना हात पाठीमागे घ्यायला लावायच्या. बालवाडीत लावतात तसे. मी तेव्हा तीस वर्षांचा बाप्या होतो, घरी आई माझ्यासाठी मुली बघत होती, आणि इथे मी कन्सोलसमोर हात मागे घेऊन उभा.

"कोणी बटणाला हात लावला तर मनगट मोडून ठेवीन," मॅडम ओरडायच्या. "आधी डंप, मग बोंब!"

डंप म्हणजे काय ते सांगतो. आमची मेनफ्रेम म्हणजे कपाटाएवढ्या खोक्यांची रांग होती आणि विमा कंपनीच्या सगळ्या शाखा तिच्यावर चालायच्या. ऑपरेटिंग सिस्टम कोसळली की शाखांमधले स्क्रीन गोठायचे आणि आमचे सगळे फोन एकदम वाजायचे. अशा वेळी माणसाला एकच सुचतं, पुन्हा चालू करा. पण चालू केलं की मेमरी पुसली जाते आणि मशीन नेमकं कशानं पडलं ते कधीच कळत नाही. म्हणून आधी मेमरीत जे काही असेल ते जसंच्या तसं टेपवर उतरवून घ्यायचं. तो डंप. त्याला अर्धा तास लागायचा, आणि तेवढा धीर मॅडम सोडून कोणाकडेच नव्हता.

"पंचनाम्याआधी प्रेत हलवता का रे तुम्ही?" हे त्यांचं दुसरं लाडकं वाक्य.

ही बाई ऑफिसबाहेरही अशीच. पापडीला त्यांच्या घरी फ्यूज उडाला आणि वायरमनने मुकाट्याने नवीन तार घातली, तर त्याला शिडीवरून खाली उतरवलं. "का उडाला ते न बघता घातलीसच कशी?" डॉक्टरांनी तापावर गोळी दिली, तर त्यांनाही सुनावलं, "उतरवायची एवढी घाई? आला कशानं ते बघा की!" डॉक्टरांनी पुढच्या वेळी त्यांना थेट दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता एका महिन्यात मशीन तीनदा पडलं. तिन्ही वेळा दुपारी बाराच्या आसपास, तिन्ही वेळा माझ्याच पाळीत. आणि तिन्ही वेळा मॅडम जागेवर नव्हत्या. आमचे मॅनेजर देसाईसाहेब धावत यायचे, "तावडे, चालू कर आधी!" म्हणायचे आणि मी चालू करायचो.

मॅडमनी माझी सालटी काढली. "तीन वेळा पडलं आणि एकदाही डंप नाही! तू ऑपरेटर आहेस की मांत्रिक? पडलं की पाणी शिंपडून उठवतोस!"

"साहेबांनी सांगितलं, मॅडम."

"साहेबांना काय कळतं? त्यांना स्वतःचा चष्मा कुठे ठेवला तेही आठवत नाही!"

तिसऱ्या वेळेनंतर देसाईसाहेबांनी शोध लावला की ज्या अर्थी मशीन तावडेच्या पाळीत पडतं, त्या अर्थी तावडेच काहीतरी दाबत असणार. मला मेमो मिळाला. चौकशी होणार, आणि पुन्हा असं झालं तर कन्सोलवरून उचलून रेकॉर्ड रूममध्ये टाकणार. संताप असा झाला की कागद फाडून त्यांच्या टेबलावर भिरकावावा. भिरकावला मात्र नाही. घडी करून खिशात ठेवला आणि चंदनसारला घरी येऊन आईला दाखवला.

आईने कागद दोनदा वाचला. मग हळूच म्हणाली, "तू खरंच काही दाबलं नाहीस ना रे?"

मेमोपेक्षा ते जास्त लागलं.

चौथ्यांदा मशीन पडलं तेव्हा पावणेबारा झाले होते आणि मॅडम माझ्या शेजारीच उभ्या होत्या. देसाईसाहेब धापा टाकत आत आले. "चालू करा! सगळ्या शाखा अडकल्यात!"

"डंप घेतल्याशिवाय नाही."

"मॅडम, ही माझी ऑर्डर आहे!"

मॅडम कन्सोल आणि साहेबांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. "देसाई," त्या ओरडल्या, "हात पाठीमागे!"

आणि देसाईसाहेबांनी हात पाठीमागे घेतले! दोन्ही! आपण काय केलं हे त्यांच्या लक्षात येईपर्यंत टेप फिरायला लागली होती. पुढचा अर्धा तास मॅडम एकेक फोन उचलून "अर्ध्या तासाने!" एवढंच ओरडत आणि आपटत होत्या. त्याच संध्याकाळी त्यांनाही मेमो मिळाला, वरिष्ठांशी उद्धट वर्तनाचा. "शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत," म्हणत त्यांनी तो तांबड्या पेनाने तपासून परत पाठवला.

डंपचं प्रिंटआउट चार गठ्ठे भरलं. शनिवारी ते घेऊन मी त्यांच्यासोबत पापडीला गेलो. मागे केळीची वाडी, पुढे लांबलचक ओटी आणि घरात दुसरं कोणी नाही. मॅडमनी ओटीभर कागद पसरले, वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर नारळ ठेवले आणि आकड्यांवर पेन्सिल फिरवायला लागल्या. शेजारची कोंबडी एका पानावरून चालत गेली, तर तिलाही "हात मागे!" म्हणाल्या. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

बुधवारी मॅडम ऑफिसात आल्या त्या गप्प. गप्प राऊत मॅडम आम्ही कोणी पाहिल्याच नव्हत्या. देसाईसाहेबांच्या केबिनमध्ये त्यांनी मला बोलावून घेतलं आणि एक पान टेबलावर ठेवलं.

"सापडलं. प्रोग्रॅमच्या चार ओळी आहेत. यंदा शाखा वाढल्या, आणि गर्दी फार झाली की या ओळी मेमरीतल्या सिस्टमच्याच जागेवर जाऊन लिहितात. म्हणून बाराच्या सुमाराला पडतं."

"कोणी लिहिल्या?" साहेबांनी विचारलं.

"मी. गेल्या दिवाळीत."

तो डंप वाचू शकणारं दुसरं कोणी अख्ख्या कंपनीत नव्हतं. त्या ओळी गुपचूप बदलल्या असत्या तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. साहेबांनाही ते सुचलं असावं. "असू दे मॅडम. दुरुस्त करा, विषय संपला. तुमचं प्रमोशन समोर आहे. तावडेला काय, ताकीद देऊन सोडून देऊ."

"ताकीद कशाची?" इतका वेळ दाबून ठेवलेला आवाज फुटला. "त्यानं काय केलंय? महिनाभर मी त्याला शिव्या घालते, तुम्ही त्याला कागद देता, आणि मशीन मी पाडतेय! चूक माझी असेल तर माझ्या नावावर लिहा!"

साहेबांनी लिहिलं नाही, तेव्हा मॅडमनी स्वतः लिहिलं आणि नोटीस बोर्डावर लावलं. खाली ठसठशीत सही. माझा मेमो मागे घेतला गेला. त्यांचं प्रमोशन गेलं.

त्या रविवारी सकाळी आमच्या दाराची बेल वाजली. दारात मॅडम, हातात वाडीतल्या केळ्यांच्या सुकेळ्यांचा पुडा. चार मजले चढून लाल झालेल्या, आणि अर्थातच चिडलेल्या.

"तावडेची आई तुम्हीच का?"

आई घाबरली. "हो. काय झालं?"

"मी राऊत. मशीन मी पाडलं होतं. यानं काहीही दाबलं नव्हतं. कागदावर लिहून दिलंय, पण घरी कोणी सांगितलं नसेल म्हणून आले. झालं. निघते."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. मग मॅडमचा हात धरला. "अशा कशा निघता? वडे तळतेय. कोंबडी झालीय."

"मी जेवायला आलेले नाही!"

"मग काय झालं? बसा."

मॅडम बसल्या. जेवल्या, हात धुतले, पुन्हा बसल्या. आईने गावच्या गोष्टी सांगितल्या. मॅडमनी आपली आई गेल्यापासून घरात दोघांचा स्वयंपाक झालेला नाही हे रेशनच्या तांदळावर चिडता चिडता सांगून टाकलं. "निघते," असं तीनदा म्हणाल्या आणि चार वाजले. शेवटी चपला घालताना, भिंतीकडे बघत, जवळजवळ भांडल्यासारखं त्यांनी विचारलं,

"पुढच्या रविवारी माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसेल. यायला काही कारण लागतं का?"

"कारण कसलं, बाई?"

"नीट सांगा. लागतं की नाही?"

"नाही लागत," आई म्हणाली.

मॅडम जिना उतरू लागल्या. दोन मजले खालून आवाज आला, "साडेबारा चालेल का?"

आईने कठड्यावरून वाकून ओरडून सांगितलं, "बारालाच या. गरम गरम जेवू."