इथंच, जवळच

"आजी, कुठं उतरणार?" जीप चालवणाऱ्या नेस्तोरनं आरशात बघत विचारलं.

"अजून ठरवलं नाही," होनोराताबाई म्हणाल्या.

एवढंच त्या बोलल्या आणि तिथंच सगळं बिनसलं. पानाय बेटावर 'कुठं निघालात?' हा काही प्रश्न नव्हे, ती नुसती बोलायची रीत. त्यावर 'इथंच, जवळच' म्हणायचं असतं, मग माणूस शेजारच्या घरी निघालेला असो की थेट मनिलाला. विचारणाराही समाधानानं मान डोलावतो आणि आपल्या कामाला लागतो. होनोराताबाईंना हे ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. जन्म याच बेटावर काढलेला. पण त्यातला बहुतेक जन्म शाळेत गेला होता, आणि प्रश्न आला की खरं उत्तर द्यायचं ही खोड निवृत्त झाल्यावरही सुटली नव्हती.

समोरच्या बाकावरच्या सुक्या मासळीवालीनं टोपली मांडीवर घेतली. "सोबत कोण आहे, आजी?"

"कुणी नाही."

"कुणीच नाही? मग चाललात कुणाकडे?"

"कुणाकडेच नाही. हिंडायला निघालेय."

जीपमधली कुजबुज थांबली. मासळीवालीनं बाईंच्या हाताकडे पाहिलं. एक छत्री आणि एक पिशवी. "आणि हातात खाऊसुद्धा नाही," ती शेजारणीला म्हणाली, जणू होनोराताबाई तिथं नव्हत्याच. "माझ्या चुलतसासूचं अस्संच सुरू झालं होतं बघ. आधी खाऊ न्यायला विसरायची. मग ज्याच्यासाठी न्यायचा त्या नातवालाच विसरली."

होनोराताबाईंना राग आला, पण तो त्यांनी गिळला, कारण त्यांना आज भांडायचं नव्हतं. नोकरीभर त्या सहलीला गेल्या त्या गळ्यात शिट्टी अडकवून आणि पोरांची डोकी मोजत. समुद्र पाहिला तो डोकी मोजत, धबधबा पाहिला तो डोकी मोजत. तेव्हापासून मनात एकच इच्छा होती. एकदा तरी कुणालाही न मोजता, जिथं वाटेल तिथं उतरत, पाहिजे तेवढं बसत किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं. नवरा होता तोवर त्याचं दुखणं होतं, तो गेल्यावर मुलीचा धाक. इलोइलो शहरात राहणारी देलिया म्हणायची, "आई, एकटी कोपऱ्यावर पाव आणायला गेलीस तरी माझा जीव उडतो." म्हणून बाईंनी तिला सांगितलं होतं की चर्चमधल्या बायकांबरोबर यात्रेला जातेय. मोबाईल तांदळाच्या डब्यामागं मुद्दाम विसरला होता. हे खोटं उघडं पडलं तर पुन्हा उंबरा ओलांडायला मिळणार नाही, हे त्या पक्कं जाणून होत्या.

वळणावर एक डेरेदार आंब्याचं झाड दिसलं आणि त्याच्यामागं निळाशार समुद्र.

"थांबवा, थांबवा! मी इथं उतरते."

"इथं?" नेस्तोर गोंधळला. "इथं काय आहे?"

"झाड आहे."

नेस्तोरनं मासळीवालीकडे पाहिलं. मासळीवालीनं नेस्तोरकडे पाहिलं. "पुढं याहून चांगलं झाड आहे, आजी," तो अगदी गोड आवाजात म्हणाला, आणि जी गाडी दामटली ती थेट पुढच्या गावातल्या कप्तानबाईंच्या दारात.

गावाचा सगळा कारभार बघणाऱ्या कप्तान लोइदाबाईंना त्या दिवशी श्वास घ्यायला सवड नव्हती. संत इसिद्रोचा सण, दारात अख्खं डुक्कर निखाऱ्यावर फिरतंय, कमानींना केळीचे घड टांगलेत, घराघरात ओळखीची-बिनओळखीची पंगत. पण माणूस हवाली केलं की नाही म्हणायचं नसतं. नेस्तोर कानाशी लागून म्हणाला, "कप्तान, या आजी तुमच्या भरवशावर सोडतोय. सोबत कुणी नाही. झाडापाशी उतरवा म्हणत होत्या."

"अरे देवा!" लोइदाबाईंनी होनोराताबाईंना आरामखुर्चीत बसवलं आणि लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्यांदा विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

होनोराताबाईंनी वारांचा हिशेब सोडून दिला होता. सहलीची सगळी मजा त्यातच तर होती. "नाही बाई सांगता येणार. आणि जरा हळू बोला, मला ऐकू येतं."

"बरं बरं. काल रात्री कुठं झोपलात?"

"एका घरी. फार प्रेमळ बाई होत्या. नाव विचारायचं राहून गेलं. त्यांची शेळी पायाशी येऊन बसली होती."

"शेळी," कुणीतरी मागून हळहळलं.

"आणि आजचा नाश्ता?"

"तिघांकडे झाला. सण आहे ना, जो तो हात धरून आत नेतो."

"तीनदा जेवल्या, आणि लक्षातच नाही!" मासळीवाली म्हणाली. ती खरं तर पुढच्या गावची, पण हे सोडून जायला तिचा पाय निघत नव्हता. नेस्तोरसकट सगळेच उतरले होते आणि पानावर बसले होते.

"आजी, आता शेवटचं. मुलीचा, मुलाचा, कुणाचा तरी नंबर सांगा."

इथं मात्र जन्मभर खरं बोललेल्या होनोराताबाईंची पाचावर धारण बसली. "नंबर... पाठ नाही," त्या पुटपुटल्या. आयुष्यातलं हे त्यांचं दुसरं खोटं, आणि नेमकं यावरच सगळ्यांचा पटकन विश्वास बसला.

लोइदाबाई मनानं खरोखर चांगल्या होत्या. घरच्यांची अब्रू नको जायला म्हणून 'आजी हरवली' असं काही इंटरनेटवर लिहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. 'आमच्या सणाला पाहुण्या आल्यात, कुणी ओळखतं का?' एवढंच लिहून खाली स्वतःचा नंबर दिला आणि फोटोसाठी फोन उगारला.

"मलाही घे की," शेजारच्या खुर्चीतून आवाज आला. ती कप्तानांची आई, तासिंगआजी. अंगावर ठेवणीतला झगा, हातात जपमाळ, खुर्चीला खिळल्यासारखी बसलेली. लोइदाबाईंनी उसासा टाकला आणि दोघींचा एकत्र फोटो काढला. पण त्या गावात फोनला रेंज लागते ती वारा असेल त्या दिशेनं. फोटो जाईना. पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं, आणि ते असंच फिरत राहो, असं होनोराताबाई मनात म्हणत राहिल्या.

मग भोंग्यावरून पुकारा झाला. 'छत्रीवाल्या आजी, बोलणं मास्तरणीसारखं, कुणाच्या आहेत?' बघायला अख्खं गाव लोटलं. एक खाटीक डोळे पुसत म्हणाला, "आमची आजी गेली वारून, पण डिट्टो अशीच दिसायची," आणि त्यानं आशीर्वादासाठी होनोराताबाईंचा हात उचलून आपल्या कपाळाला लावला. ते बघून त्याच्या मागच्यानं लावला. मग त्याच्या मागं रांगच लागली. वर जो येई तो पानावर एक तुकडा वाढून जाई. भीक नको पण कुत्रा आवर, अशी बाईंची गत झाली. एवढी माणसं इतक्या मायेनं आपल्याला वेडी समजताहेत, तर आपणच चुकत नसू ना, अशी एक बारीक शंकाही त्यांना चाटून गेली. वार तर खरंच आठवत नव्हता.

मिरवणुकीचा बँड वाजला आणि संताच्या मूर्तीमागं सगळं गाव निघून गेलं. घरात उरल्या दोघी.

तासिंगआजी जपमाळ न थांबवता म्हणाली, "खुळी गं तू, पोरी."

"मी?"

"खरं कशाला बोललीस? 'कुठं' विचारलं की 'इथंच, जवळच' म्हणावं आणि चालू लागावं. मी एकदा खरं बोलले. म्हटलं, उगाच फिरतेय. झालं! तेव्हापासून या खुर्चीत आहे."

होनोराताबाईंनी आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली. वाळवंटात गाववाला भेटावा तसं झालं त्यांना. "येता?" त्यांनी विचारलं.

"चप्पल शोध माझी," आजी म्हणाली.

सडकेवर पहिलीच जीप थांबली. "कुठं, आजी?" चालकानं विचारलं. "इथंच, जवळच," तासिंगआजी ठसक्यात म्हणाली. त्यानं मान डोलावली आणि गिअर टाकला. इतकं सोपं! होनोराताबाईंना हसू आवरेना. खिडकीतून समुद्राचा वारा येत होता, नारळी मागं पळत होत्या, आणि कुणी कुणाला काही विचारत नव्हतं.

दोन वळणं गेली आणि तासिंगआजीनं त्यांच्याकडे वळून प्रेमानं विचारलं, "तू कुणाची गं? आणि आपण कुठं चाललोय?"

होनोराताबाईंचं हसू जागच्या जागी वाळलं. "आजी... आज वार कोणता?" त्यांनी चाचरत विचारलं.

"रविवार."

"आणि काल?"

"काल पण रविवार."

म्हणजे आपण गावच्या कप्तानाची खरोखरची विसरभोळी आई पळवून आणली! आगीतून निघून फुफाट्यात. बाईंनी छताला हात आपटून गाडी थांबवली, आजीला उतरवलं, समोरून येणारी जीप धरली आणि उलट निघाल्या. आता फोटो जावो, देलिया येवो, काही होवो. म्हातारीला तिच्या खुर्चीपर्यंत पोचवायचं, यापुढं त्यांना काही सुचत नव्हतं.

गावात हलकल्लोळ होता. बँड बंद, संत रस्त्यात उभा, भोंगा ओरडतोय 'तासिंगआजी कुणी पाहिल्या का?' होनोराताबाईंना कुणीच शोधत नव्हतं. दोघी उतरताना दिसल्या आणि लोइदाबाई रडत धावत आल्या. होनोराताबाईंनी तोंड उघडलं, "माझंच चुकलं, मीच..."

"तुम्ही होतात म्हणून बाई!" लोइदाबाईंनी त्यांना मिठीच मारली. "कुणाच्या लक्षात आलं नाही आणि तुम्ही तिच्या मागं धावलात!"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. वारा फिरला होता, फोटो गेला होता. लोइदाबाईंनी सवयीप्रमाणे फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"मी देलिया, इलोइलोहून," फोनमधून आवाज आला. "फोटोतली माझी आई. आणि जपमाळवाल्या कोण?"

"ती माझी आई," लोइदाबाई म्हणाल्या.

"अगं बाई, तुमच्या आईपण यात्रेला आल्यात का? छान! आई म्हणाली होती बायका आहेत बरोबर, पण मला मेलीला खरं वाटेना. सोबत आहे ना, मग काही काळजी नाही. म्हणावं सावकाश ये. आणि तुमच्या आईंचीही चिंता नको. माझी आई शाळेत होती, इतक्या सहली नेल्या, पण एक पोर कधी हरवलं नाही तिनं!"

 लोइदाबाईंना त्यातलं यात्रेचं काही कळलं नाही, पण शेवटचं वाक्य मात्र चांगलं कळलं. त्यांनी पाहुण्यांनी भरलेल्या अंगणाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि बाईंकडे पाहताना त्यांचा आवाज एकदम 'आजी'वरून 'बाई'वर आला.

"बाई, तुम्ही निघालातच आहात तर... पुढच्या गावी माझी मावशी राहते. आईला तिच्याकडे पोचवाल? किती दिवस मागं लागलीय, एकटीला कसं सोडू? तुमच्या भरवशावर देते."

"अहो, पण मी एकटीच..."

पण माणूस हवाली केलं की नाही म्हणायचं नसतं. नेस्तोरची जीप अजून तिथंच होती. उतारू पोटभर जेवून आपापल्या जागी बसले. दोघींच्या मांडीवर केळीच्या पानातल्या गोड भाताची पुरचुंडी आली, आता हात रिकामे नव्हते. मासळीवालीनं सरकून जागा दिली.

"बरं झालं, सोबत मिळाली," ती म्हणाली. "आता कशा शहाण्या दिसताय!"

पुढचं गाव आलं. नेस्तोरनं गावाचं नाव पुकारलं. तासिंगआजी हलेना.

"आजी, उतरायचं ना? बहीण वाट बघत असेल."

"कुठली बहीण? ती केव्हाच मनिलाला गेली मुलाकडे. लोइदा विसरते हल्ली."

होनोराताबाईंनी आजीच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. तिथं ना लबाडी दिसली ना विसर. ही खरं बोलतेय की हिला काही आठवत नाही, कोण खुळं आणि कोण शहाणं, त्यांना काही म्हणता काही उमगेना.

"मग बाई, कुठं?" नेस्तोरनं आरशात बघत विचारलं.

"इथंच," होनोराताबाई म्हणाल्या. "जवळच."

त्यानं मान डोलावली आणि गाडी पुढं काढली. समुद्र पुन्हा दिसू लागला. होनोराताबाईंनी एक हात आजीच्या दंडावर ठेवला, आणि नकळत त्यांचे ओठ हलले. एक, दोन. पट पूर्ण होता.