चौकाला नवरा हवा

विश्वंभरराव टिपणीस क्यूरेटर झाले, ही बातमी कल्याणात पोचली तेव्हा पहिले दोन दिवस लोक त्यांच्या प्रकृतीची चौकशी करायला आले. क्यूरेटर हा रोग नसून हुद्दा आहे, हे सांगता सांगता त्यांच्या पत्नी उत्तराबाईंचा घसा बसला.

"म्हणजे करायचं काय असतं त्यात?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"चांगल्या चांगल्या वस्तू निवडायच्या आणि नीट मांडून ठेवायच्या."

"अगं बाई! मग आपण दिवसभर दुसरं काय करतो?" काकू म्हणाल्या आणि उठून गेल्या.

अठराशे ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट. ज्याला त्याला तेव्हा प्रदर्शनांचं वेड लागलं होतं. ठाण्याला मासुंद्याच्या तळ्याजवळ एक जुनी सरकारी इमारत रिकामी पडली होती, तिथे जिल्ह्यातल्या कलाकौशल्याचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. क्यूरेटर कुणाला नेमावं, हा प्रश्न मामलेदारांच्या गळ्यात पडला. या कामाला माणूस कसा लागतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तसं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तुरुंगातल्या एका कारकुनाने अर्ज केला, कारण आत ठेवलेलं बाहेर जाऊ न देण्याचा त्याला अनुभव होता. एका लिलाववाल्याने केला. पण तो प्रदर्शन उरकता उरकता विकून टाकील, अशी मामलेदारांना भीती वाटली. एका देवस्थानच्या भांडाऱ्यानेही केला. त्याच्या देवस्थानातली भांडी कुठे गेली, याची चौकशी त्या वेळी चालूच होती.

राहता राहिले टिपणीस. कल्याणच्या शाळेत ते चित्रकला शिकवत. तरुणपणी मुंबईच्या चित्रशाळेत त्यांनी दीड वर्ष काढलं होतं. पुढे वडील गेले आणि चित्रशाळाही गेली. तेव्हापासून ते मुलांकडून आंब्याचं चित्र काढून घेत होते. मुलांचे आंबे भोपळ्यासारखे येत आणि भोपळे कशासारखेच येत नसत. या माणसाचा जीव मात्र वस्तूंत होता. एखादी चांगली घडलेली समई दिसली की जेवण विसरायचा. मामलेदारांनी त्यांना बोलावून बजावलं, "टिपणीस, गुरुवारी कलेक्टरसाहेब स्वतः उद्घाटनाला येतायत. खूश झाले तर हे प्रदर्शन कायमचं संग्रहालय होईल आणि तुम्ही कायमचे क्यूरेटर. नाही झाले, तर तुमचा आंबा आहेच."

विश्वंभररावांनी कंबर कसली. सोपाऱ्याच्या मूर्ती आल्या, भिवंडीची वस्त्रं आली, इनास नावाच्या ख्रिस्ती शेतकऱ्याने मडक्याच्या तोंडाला कातडं लावलेलं आपलं घुमट हे वाद्य दिलं. पण सगळ्यांत मुख्य वस्तू काय ठेवायची, ते ठरेना. आणि मग त्यांना कोलशेतच्या एका घराच्या भिंतीवर लग्नाचा चौक दिसला. गेरूवर तांदळाच्या पिठाने काढलेला. चौकटी, वेली, बाशिंगं, मधोमध देव. विश्वंभरराव त्या भिंतीसमोरून हलेनात. त्यांचा शिपाई नाथा याच गावचा, त्याने त्यांना दंडाला धरून हलवलं.

"हे कुणी काढलं?"

"ठमाबाईनं. धवलारीण हाय ती."

आगरी लोकांत लग्न लावायचा मान धवलारणीचा. ती धवले म्हणजे लग्नाची गाणी गाते आणि तिच्या गाण्यावर लग्न लागतं. हे विश्वंभररावांना ठाऊक होतं. पण तिला आमंत्रण कसं द्यायचं, ते ठाऊक नव्हतं. कलावंताकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढं त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी विडा, नारळ आणि सुपारी नेली आणि नमस्कार करून ठमाबाईच्या हातात दिली.

ठमाबाई धिप्पाड बाई. सुपारी कनवटीला लावून तिने विचारलं, "दिस कनचा?"

"येता गुरुवार."

"मानसा किती?"

"दोन-तीनशे तरी येतील."

"आनि मांडव?"

"सरकारी आहे. स्वतः साहेब येणार आहेत."

ठमाबाईने एकदा विश्वंभररावांकडे आपादमस्तक पाहिलं. एवढ्या किडकिडीत माणसाच्या घरी एवढं मोठं कार्य असेल असं तिला वाटलं नव्हतं. "येतंव," ती म्हणाली.

बुधवारी सकाळी ती दोन सवाष्णी घेऊन ठाण्याच्या इमारतीत हजर झाली. भिंत सारवली, गेरू दिला, पीठ कालवलं. चौक भरताना तिघी गात होत्या आणि विश्वंभरराव दाराशी उभे राहून ऐकत होते. त्यांना वाटलं, आपला जन्म यासाठीच झाला. दुपारी ठमाबाईने चौकापुढे दिवा लावला, तांदूळ वाहिले आणि भिंतीवर एक पांढरं धोतर सोडून सगळा चौक झाकून टाकला.

"वा! पूर्ण झाला वाटतं?" विश्वंभरराव पुढे झाले आणि त्यांनी धोतराला हात घातला.

फाडकन त्यांच्या हातावर चापट बसली.

"नवरा-नवरी आल्याबिगर हात लावाचा नाय!"

"कुठले नवरा-नवरी?"

"मना काय विचारताव? सुपारी तुमी दिलीव!"

आगरी गावात धवलारणीला सुपारी दिली म्हणजे लग्न ठरलं, हे विश्वंभररावांना त्या क्षणी कळलं. त्यांनी घाम पुसला. "बाई, हे लग्न नाही हो. हे प्रदर्शन आहे. लोक येणार, बघणार, जाणार."

"लग्नात बी लोक येतात, बघतात नि जातात. पन मधी लगीन लागतं!"

"बरं, मग राहू दे. पुसून टाकू."

दोन्ही सवाष्णींनी एकदम कानांवर हात ठेवले. ठमाबाई कमरेवर हात देऊन उभी राहिली. "धवला गायला, देव बसला. देवाला घरी बोलवाचा नि उपाशी लावून द्याचा? लगीन लागल्याबिगर मी फडका काडाची नाय. नि दुसऱ्या कोनी काडला तर बघतेच मी त्याला."

उद्घाटनाला साहेब येणार, आणि प्रदर्शनाची मुख्य वस्तू म्हणून त्यांना एक धोतर दाखवायचं! विश्वंभररावांनी नाथाला कोपऱ्यात ओढलं.

"नाथा, तू याच गावचा. तुला कळलं नाही का रे?"

"मला वाटला तुमच्याच घरचा कार्य हाय. सगल्या गावाला वाटतंय. उद्या सगली येनार, नवीन लुगडी काडलीन बायकांनी."

"गाव येणार? जेवायला?"

"तांदूल आपापला आनतील. पन मासळी तुमची."

विश्वंभरराव एका पेटाऱ्यावर बसले. प्रदर्शनात मातीची नवरा-नवरी होती, ती त्यांनी ठमाबाईपुढे नेऊन ठेवली. तिने नवऱ्याचं डोकं टिचकीने वाजवून पाहिलं. "यो संसार करंल?" तिने विचारलं, आणि तो विषय तिथेच संपला.

मग नाथा मिठागरावरच्या रघूच्या आईला घेऊन आला. रघूचं लग्न वैशाखात व्हायचं होतं, ते उद्याच उरकलं तर काय बिघडलं? म्हातारीने सगळी इमारत फिरून पाहिली. प्रत्येक वस्तूला चिकटवलेली चिठ्ठी पाहिली. "नि माज्या पोराला कुठं चिकटवाल चिठ्ठी?" असं म्हणून ती तरातरा निघून गेली. नाथा घसा खाकरून म्हणाला, "साहेब, मी तयार हाय." त्याला दोन बायका होत्या.

"तुमचा सवताचा लगीन कोनी लावला?" ठमाबाईने अचानक विश्वंभररावांना विचारलं.

"आमचं? भटजींनी."

"धवला झाला?"

"नाही. मंत्र झाले."

"मंग आमच्या देवाच्या हिशोबी तुमचा लगीन बाकी हाय," ठमाबाई म्हणाली. तिचा चेहरा एकदम खुलला. "बायको हाय ना?"

संध्याकाळच्या गाडीने विश्वंभरराव कल्याणला आले ते पडलेल्या चेहऱ्याने. उत्तराबाई अंगणात शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. सगळी हकिगत ऐकून त्यांनी विळी बाजूला सरकवली.

"तीन मुलींची लग्नं लावून झाल्यावर मी आता बोहल्यावर उभी राहू? लोक काय म्हणतील?"

"खरं आहे तुझं. राहू दे. उद्या साहेबांना धोतर दाखवतो आणि परवापासून शाळेत जातो. आंबा काही वाईट नाही."

या माणसाने एवढ्या वर्षांत स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. उत्तराबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाल्या, "एक सांगू? आपल्या लग्नात मी झोपले होते."

"झोपली होतीस?"

"नऊ वर्षांची होते हो! मामांच्या खांद्यावर झोप लागली. जागी झाले तेव्हा लग्न होऊन गेलेलं, लाडूसुद्धा संपलेले. मला काही म्हणता काही आठवत नाही." त्या उठल्या आणि पदर खोचला. "माझी हिरवी पैठणी ट्रंकेत तळाशी आहे. काढा."

गुरुवारी सकाळी मासुंद्याच्या काठावर सगळं कोलशेत उतरलं. बायकांची नवी लुगडी, माळलेले गजरे, टोपल्यांत तांदूळ. मासळी विश्वंभररावांच्या नावावर येऊन पडली होती आणि इमारतीच्या मागे चुली पेटल्या होत्या. इनासने काचेच्या कपाटातलं आपलं घुमट उचललं आणि चिठ्ठीसकट बडवायला घेतलं. ठमाबाईने विश्वंभररावांना पाटावर बसवलं, मुंडावळ्या बांधल्या, वर एवढं मोठं बाशिंग चढवलं की फक्त मिशा दिसत होत्या.

"आता धवला सपेपतूर नवऱ्यानं तोंड उघडाचा नाय," तिने ताकीद दिली.

तेवढ्यात कलेक्टरसाहेब आले. ते साताऱ्याहून नुकतेच बदलून आले होते आणि टिपणिसांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मामलेदारांनी मात्र मिशा ओळखल्या. आपण शिफारस केलेला सरकारी नोकर सरकारी इमारतीत सरकारी वेळेत नवरा होऊन बसलेला पाहून त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून पुन्हा घातलं.

"क्यूरेटर कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं. त्यांना मराठी बरं येत असे.

मामलेदार गडबडले. "ते... आजारी आहेत, साहेब. अतिश्रम."

बाशिंगाखालून एक हुंकार आला. ठमाबाईने डोळे वटारले, तो विरला. साहेबांनी टोपी काढली आणि खुर्ची ओढून समोरच बसले. बोलायची सोय नाही, उठायची सोय नाही, आणि आपण आजारी आहोत हे ऐकत बसायचं, अशी वेळ विश्वंभररावांवर आली होती.

ठमाबाईने खडा आवाज लावला. मागून बायकांनी धवला उचलला आणि ती जुनी इमारत गाण्याने भरून गेली. उत्तराबाई टक्क डोळे उघडे ठेवून एकेक गोष्ट बघत होत्या. या वेळी काही सुटू द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

"नवरी, नाव घे!" बायका ओरडल्या.

मामलेदारांचा चेहरा उतरला. त्यांनी उत्तराबाईंना डोळ्यांनी नाना प्रकारे खुणावलं. पण उत्तराबाई त्या क्षणी कुणाचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या. लाजत, हसत, खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या,

"मासुंद्याच्या तळ्याकाठी कमळांची रास,
विश्वंभररावांसाठी जागी राहिले खास!"

बायकांनी टाळ्या पिटल्या. साहेब चमकले. "विश्वंभरराव? आपल्या क्यूरेटरचं नाव हेच ना?"

"या भागात फार आढळतं, साहेब," मामलेदार म्हणाले. "घरटी एक तरी."

आणि मग ठमाबाईने दोघांचे हात धरून धोतराला लावले, आणि धोतर खाली आलं. मागची माणसं टाचा उंचावून बघू लागली. चौक होताच तसा. साहेब खुर्चीतून उठून अगदी जवळ गेले आणि हात पाठीमागे बांधून किती तरी वेळ बघत राहिले. विश्वंभररावांनी बाशिंग जरा वर सारून ते पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याने रडायचं नसतं म्हणून उत्तराबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं.

साहेब पंगतीलाही बसले. त्यांना मासळी फार आवडली.

शनिवारी मामलेदार स्वतः कल्याणला आले. उत्तराबाई दाराआड उभ्या राहिल्या.

"टिपणीस, जिंकलात!" मामलेदार ओसरीवर बसता बसता म्हणाले. "संग्रहालय मंजूर, क्यूरेटर तुम्ही, कायमचे. साहेब म्हणाले, आजारी असताना हा माणूस एवढं करतो, तर बरा झाल्यावर काय करील!"

विश्वंभररावांनी मामलेदारांचे दोन्ही हात धरले.

"थांबा. पुढे एक हुकूम आहे." मामलेदारांनी दाराकडे पाहायचं टाळलं आणि आवाज उतरवला. "हे लग्न दर वर्षी लावायचं. नवरी हीच ठेवा म्हणाले. अशी मनापासून हसणारी नवरी त्यांनी कुठे पाहिली नाही. पण नवरा... म्हणजे साहेबांचे शब्द हं, माझे नव्हेत... नवरा फारच थोराड निवडलाय. पुढच्या वर्षी बदला."

दाराआड बांगड्या किणकिणल्या. मग उत्तराबाईंना हसू आवरेना, आणि हसता हसताच त्यांचा आवाज ओसरीवर आला.

"ऐकलंत का? निवडा आता एखादा चांगलासा. क्यूरेटर तुम्हीच ना?"