शद्रक अण्णांचं अडलेलं वचन

शद्रक अण्णांना तुम्ही "या, बसा" म्हणालात तर ते बसत नाहीत. दारातच उभे राहून विचारतात, "मी यायच्या आधी काय बोलणं चाललं होतं?" मागचापुढचा संदर्भ कळल्याशिवाय नुसत्या 'बसा'वर बसणं त्यांना जोखमीचं वाटतं. आमच्या शालिनीने एकदा सांगितलं, "काही नाही हो अण्णा, यांनी पुन्हा चष्मा हरवलाय, तेच चाललं होतं." मग ते बसले. बसल्यावर पुढचा प्रश्न मला, "आणि त्याच्या आधी, सर? चष्मा शेवटचा कुठं काढलेला?" चष्मा फ्रिजवर सापडला. शालिनीने त्यांच्याकडे अशा कौतुकाने बघितलं की मला तो चष्मा परत हरवावासा वाटला.

हा माणूस मला आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. मला त्याचा हेवा वाटायचा. अजूनही थोडा वाटतो.

इथे कानडी मुलखात, जयनगरला, आमच्या घरी दर बुधवारी संध्याकाळी मराठी बायबल-अभ्यास भरतो. पंधरा-वीस माणसं येतात. काही आमच्यासारखी नगरकडून नोकरीनिमित्त आलेली, काही बेळगाव-निपाणीकडची, मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत शिरणारी. चौदा वर्षं हा वर्ग मी एकट्याने चालवला. मी शाळेत भूगोल शिकवायचो, त्यामुळे फळ्याची आणि गप्प बसून ऐकणाऱ्या माणसांची मला सवय होती. माझं सगळ्यात गाजलेलं प्रवचन उंटाचं आणि सुईच्या नेढ्याचं. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं, असं प्रभूचं वचन आहे. यरुशलेमच्या तटाला 'सुईचं नेढं' नावाचा एक बुटका दरवाजा होता, त्यातून जायचं तर उंटाला पाठीवरचं ओझं उतरवून गुडघे टेकावे लागत, असं मी सांगायचो. आणि सांगता सांगता स्वतः गुडघे टेकून टीपॉयखालून जाऊन दाखवायचो. मार्था मावशींच्या डोळ्यांत दर वर्षी पाणी यायचं.

शद्रक अण्णा आमच्याकडे पहिल्यांदा आले ते नेमके त्या बुधवारी. मी अर्धा टीपॉयखाली होतो. मागून आवाज आला, "सर, स्वल्प थांबा. त्या दरवाजाचं मूळ ड्रॉइंग कुठं आहे?"

अण्णा यशवंतपूरच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं गिअर तपासायचे. मशीनवरून निघालेला पीस हातात घ्यायचा, मापायचा, मूळ ड्रॉइंगशी ताडून बघायचा. जुळला तर पास, नाही तर लाल चिठ्ठी. निवृत्त झाल्यावर त्यांनी हीच तपासणी पवित्र शास्त्रावर सुरू केली. मराठी, कानडी, इंग्रजी ही सगळी भाषांतरं म्हणजे त्यांच्या लेखी मशीनवरून निघालेले पीस. मूळ ड्रॉइंग हिब्रूत आणि ग्रीकमध्ये. म्हणून या गृहस्थाने त्या दोन्ही भाषा घरबसल्या शिकून घेतल्या होत्या. शर्टाच्या खिशात एका बाजूला छोटा ग्रीक नवा करार आणि दुसऱ्या बाजूला लाल चिठ्ठ्या.

"तसला दरवाजा त्या काळात होता म्हणून पुरावाच नाही," अण्णा म्हणाले. "उंट म्हणजे उंट, सुई म्हणजे सुई. मागं दहा ओळी जावा, पुढं दहा ओळी जावा. शिष्य घाबरून विचारतात, मग तरणार तरी कोण? वाकून जायची सोय असती तर ते घाबरले कशाला असते?"

मी टीपॉयखालून बाहेर आलो. भूगोलाच्या मास्तराला भूगोलातच पकडलं होतं, आणि तेही त्याच्याच घरात.

त्यानंतर माझा वर्ग माझा राहिला नाही. मार्था मावशी चौदा वर्षं माझ्या वर्गात तोंड उघडत नव्हत्या, कारण बायकांनी मंडळीत गप्प बसावं असं प्रेषित पौलाने एका गावच्या मंडळीला पत्रात लिहिलंय हे मी त्यांना पहिल्याच वर्षी दाखवलं होतं. अण्णा म्हणाले, "अक्का, तेच पत्र तीन अध्याय मागं जावा. बायका मंडळीत प्रार्थना करताना डोक्यावर काय घ्यावं ते पौल सांगतोय. गप्प बसायचं असतं तर हे कशाला सांगितलं असतं? त्या गावात गोंधळ काय चालला होता ते आधी बघाय पाहिजे की." मावशींनी तीन अध्याय मागे जाऊन वाचलं, चष्मा पुसला आणि बोलायला लागल्या. त्या अजून थांबलेल्या नाहीत.

माणसं माझ्याकडे बघत वाक्य सुरू करायची आणि अण्णांकडे बघत संपवायची. शालिनीने नवी वही आणली, तिच्यावर 'शद्रक अण्णा' असं लिहिलं. माझं प्रवचन लिहून घ्यायला तिला कधी साधा कागद लागला नव्हता. अभ्यासानंतर पोहे व्हायचे, त्यात अण्णांना न विचारता दुसऱ्यांदा वाढलं जायचं आणि मला विचारून. दोन वर्षं मी हे बघत होतो आणि आतून जळत होतो.

जळणारा माणूस बारीक बघतो. माझ्या लक्षात आलं, अण्णांच्या बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात एक लाल चिठ्ठी आहे, इतकी जुनी की ती विटकरी झाली आहे. आणि आमचं वाचन त्या पानाच्या आसपास आलं की अण्णा पाणी प्यायला आत जातात. मी ते वचन शोधून काढलं. प्रभू एका माणसाला म्हणतो, माझ्यामागे ये. तो म्हणतो, आधी जाऊन माझ्या बापाला पुरू दे. प्रभू म्हणतो, मेलेल्यांना आपल्या मेलेल्यांना पुरू दे, तू चल.

हिब्रू-ग्रीकवाल्याचं घोडं इथे अडलंय, हे कळल्यावर मला त्या रात्री फार छान झोप लागली.

पुढच्या बुधवारी मी तेच वचन फळ्यावर लिहिलं आणि अण्णा आत जायला उठायच्या आधीच विचारलं, "अण्णा, मूळ ड्रॉइंग काय म्हणतंय?"

अण्णांनी फळ्यावरचं वचन शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "ते माझ्याकडं पेंडिंग आहे, सर."

"किती दिवसांपासून?"

"झाली की बरीच वर्षं."

मी हसलो. सगळ्यांना ऐकू जाईल असा हसलो. "यात मूळ भाषा हवी कशाला? स्वच्छ अर्थ आहे. देवाचं बोलावणं आलं की बाप मेलेला असला तरी मागे वळून बघायचं नाही. ज्याला हे जमत नाही त्याने प्रभूमागे जाऊ नये." माझा आवाज चांगला लागला होता. त्या आधीच्या चौदा वर्षांत लागायचा तसा. अण्णांनी बायबल मिटलं, पोहे नको म्हणाले आणि गेले.

त्याच्या पुढच्या बुधवारी ते आलेच नाहीत. वर्ग पुन्हा माझ्या हातात आला होता, पण येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "अण्णा का नाहीत?" शनिवारी सकाळी शालिनीने माझ्या हातात डबा दिला. "जाऊन बघून या. आणि काही बोलू नका." दोन मेट्रो बदलून मी के. आर. पुरमला पोचलो. काळजीपोटी गेलो असं म्हणालो तर खोटं होईल. हरलेला माणूस घरी कसा दिसतो ते मला बघायचं होतं.

एकच खोली होती. टेबल, खुर्ची, पलंग, सगळं मापून ठेवल्यासारखं. अण्णांनी दार उघडलं आणि म्हणाले, "या, बसा."

मी बसलो नाही. माझ्याच तोंडून निघून गेलं, "मी यायच्या आधी काय चाललं होतं?"

अण्णांनी टेबलावरच्या वहीकडे बोट दाखवलं. जाड, कारखान्यातल्या तपासणीच्या नोंदवहीसारखी, हाताने रेघा मारलेली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ते एकच वचन होतं. ग्रीक, त्याखाली मराठी, कानडी, मागच्या दहा ओळी, पुढच्या दहा ओळी, त्या काळच्या प्रेतक्रियेच्या चालीरीती.

"बावीस वर्षांचा होतो," अण्णा म्हणाले. "निपाणीकडं आमचं गाव. मी इकडं तीन दिवसांच्या सभेला आलेला. दुसऱ्या दिवशी तार आली, बाबा गेले. मी पिशवी भरली. तर तिथल्या उपदेशकानं हे वचन उघडून दाखवलं. म्हणाला, पास व्हायचंय काय नापास? मी पिशवी खाली ठेवली, सर. सभा संपवून गेलो. आईनं दार उघडलं, पण माझ्याशी बोलली नाही. शेवटपर्यंत बोलली नाही."

मी डबा हातात धरून उभाच होतो.

"तवापासून मला एवढंच बघायचं होतं, की प्रभू खरंच तसं बोलला काय. ह्या भाषा त्याच्यासाठी शिकलो. बाकीची वचनं वाटेत आली म्हणून बघितली."

"मग? काय दिसलं?"

"त्यांच्यात माणूस गेला की त्याच दिवशी पुरत होते. बाप घरात मेलेला असता तर हा मुलगा रस्त्यावर बोलत उभा कसा राहिला असता? म्हणजे बाप एक तर जिवंत होता, नाही तर आधीच पुरलेला होता. वर्षानं हाडं गोळा करून दगडी पेटीत ठेवायची चाल होती, तेवढं राहिलं असेल. जाणकार काही असं म्हणतात, काही तसं. पण बाबाच्या मातीला जाऊ नको, असं त्यानं कुणा मुलाला सांगितलेलं मला तरी दिसत नाही."

"अहो, मग हे बुधवारी का नाही सांगितलंत? पास करून टाकायचं!"

"कसं करू? तो तसं बोलला असेल, तर मी त्याचं ऐकलं. बोलला नसेल, तर मी उगाच गेलो नाही." अण्णांनी वहीचा कोपरा सरळ केला. "आणि कारखान्यात एक नियम असतोय, सर. ज्यानं पीस काढला, त्यानंच तो पास करायचा नाही. दुसऱ्यानं तपासाय पाहिजे."

"अण्णा, बुधवारी मी जे बोललो..."

"तुमचं काही नाही त्यात. त्या उपदेशकानंही असंच सांगितलं होतं. अशाच आवाजात."

मला रडू आलं. त्यांच्यासाठी आलं आणि स्वतःच्या त्या आवाजाचीही लाज वाटली. मी खुर्चीत बसलो आणि वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. ग्रीक मला येत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी मध्ये एकही शब्द सुचवला नाही, नुसते समोर पलंगावर बसून राहिले. डबा गार झाला. शेवटच्या पानावर खाली 'तपासणारा' असं लिहून जागा मोकळी सोडली होती. मी त्यांची पेन्सिल घेतली, 'पास' असं लिहिलं आणि खाली सही केली. बायबलमधली विटकरी चिठ्ठी अण्णांनी स्वतःच काढली, चौकोनी घडी घालून खिशात ठेवली.

मग ते माझ्या हाताकडे बघत राहिले.

"तुमच्या वडलांना माती तुम्ही दिली काय, सर?"

"हो."

"ह्याच हातानं?"

"हो."

ती नजर मी ओळखली. दोन वर्षं मी त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत आलो होतो, तीच होती. माझा हेवा करावा असं माझ्याजवळ काही आहे, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

"माती कसली होती? कोरडी?"

"कोरडीच होती. ढेकळं होती. लागतील म्हणून बोटांनी फोडली आणि मग टाकली."

अण्णांनी मान हलवली.

"फोडून टाकलीत," ते म्हणाले. "बरं केलंत."