एका माणसाला एकच रेघ

आमचे तांदळे सर चहा पिण्याआधी त्यात बोट बुडवतात आणि टेबलावर ठिपके काढतात. मग ठिपके जोडत बसतात. तोवर चहा निवतो, तास बुडतो, शिपाई टेबल पुसून पुसून वैतागतो. "बघा, समदं जाळंच हाय," एवढंच त्यांचं म्हणणं. केजच्या आमच्या कॉलेजात ते गणित शिकवतात, मी भूगोल. खुर्च्या शेजारी, त्यामुळे तेवीस वर्षं हे ऐकायची पाळी माझ्यावर. खोटं कशाला बोलू, पार कंटाळून गेलो होतो.

यंदा त्यांनी 'जाळ्यांची भूमिती' अशी कार्यशाळाच घेतली. सगळ्या विषयांच्या प्राध्यापकांसाठी, मराठीवालेसुद्धा सुटले नाहीत. त्यासाठी महिनाभर आधी प्रत्येकाकडून एक कागद भरून घेतला. कॉलेजात चक्कर येऊन पडलात तर पहिला फोन कोणाला लावायचा? एकच नाव लिहायचं. मी बायकोचं लिहिलं आणि सुटलो.

सरांनी स्वतःच्या भाषणाला दोन तास ठेवले होते. पण आपल्याकडं सत्काराशिवाय कार्यक्रम होतो का? उद्घाटकांचा झाला, अध्यक्षांचा झाला, मग ज्यांनी सत्कार केले त्यांचा झाला. शाली संपल्या तेव्हा बाहेर जिलेबी तळायला घेतली होती. सरांना दहा मिनिटं मिळाली.

"माझ्या गावाला हितून सकाळी एसटी जाती," ते म्हणाले, "परत यायची ती उद्याच. म्हंजी जायचं अंतर येगळं, यायचं येगळं. अंतर दोन्हीकडून सारखं नसतंय."

एवढ्यात आख्खा हॉल जेवायला उठला. मीही निघालो होतो, पण सरांनी कागदाची एक लांब गुंडाळी उलगडायला घेतली आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. अडकलो.

आमच्या सगळ्यांचा नकाशा होता तो. माणूस म्हणजे ठिपका, फोन म्हणजे रेघ. माझी रेघ बायकोकडं गेलेली. सहज म्हणून सरांचा ठिपका शोधला. तांदळे वहिनी जाऊन चार वर्षं झाली, मूलबाळ नाही. ठिपका पार कोपऱ्यात होता. त्याच्याकडं कोणाचीच रेघ येत नव्हती. त्याच्यातून एकच निघाली होती, सगळा कागद ओलांडून माझ्यापर्यंत आलेली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. याच माणसाला टाळायला मी कितीदा लायब्ररीत जाऊन बसलोय.

"सर, माझा कागद बदला," मी म्हणालो. "तुमचं नाव टाका."

"कावून? वैनीचं नाव बरोबर हाय. एका माणसाला एकच रेघ." हे त्यांनी वर्गात सूत्र सांगावं तसं सांगितलं आणि कागद गुंडाळायला लागले.

मी माझं टोक सोडलं नाही. म्हटलं, दोन तासांचं होतं ना? सांगा, मी बसतो.

सरांनी माझ्याकडं पाहिलं, चष्मा पुसला. मग पहिल्यापासून सुरू केलं. बाहेर जिलेबी संपत आली होती.