अळणी चुकौनी

नेपाळातल्या तानसेन गावाच्या उतारावर, चपलांच्या दुकानाच्या माडीवर एक पाटी होती: 'होमनाथ पन्थी, खासगी गुप्तहेर. पाल्पा जिल्ह्यातला पहिला, आणि बुद्धीच्या बाबतीत बहुधा शेवटचा.' मजकूर होमनाथांनी स्वतः रचला होता. तो वाचून गाव का हसतं, हे एक रहस्य मात्र त्यांना अजून उलगडलं नव्हतं.

माणूस जिना चढतानाच आपल्याला त्याचं गोत्र कळतं, असं ते सांगत. यावर बायको हरिकला म्हणे, "गोत्र राहू द्या हो. परवा दूधवाला समजून माझ्या मामाच्या हातात पातेलं दिलंत!"

मंगळवारी जिना चढून आले गुमानसिंह थापा. सत्तरीचे, मगर जमातीचे, पलटणीतून निवृत्त, कणा अजून ताठ.

"माझे मीत शोधून द्या," ते म्हणाले. "शनिवारी मुलगा मला विलायतेला घेऊन चाललाय. कायमचा."

"मीताचं नाव?"

"ठाऊक आहे. सांगणार नाही."

आता यात चमकण्यासारखं काही नव्हतं, पण होमनाथ चमकले. लहानपणी टिळा लावून, देवासमोर मीत जोडला की तो सख्ख्या भावाच्या वर. त्याला 'मीतज्यू' म्हणून अहोजाहो करायचं, त्याचं नाव जन्मात तोंडातून काढायचं नाही, आणि तो गेला तर सुतक पाळायचं. डोंगरातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक.

"मग कागदावर लिहा की!"

"तोंडानं काय नि हातानं काय, पाप तेच." म्हातारा पुढे सरकून बसला. "मीतज्यूंच्या घरचं पितळी करुव्यांचं, तोटीच्या तांब्यांचं, दुकान होतं. तिथं आता मोबाइल विकतात. शेजारी म्हणाला, त्या घरातलं कुणीतरी गेलं. कोण, ते त्याला सांगता येईना. मीतज्यूच गेले असतील, तर सुतक न पाळता मी कसा जाऊ? आणि जिवंत असतील, तर न भेटता कसा जाऊ?"

हरिकलेनं दह्यात बटाटा कालवून चुकौनी केली होती. गुमानसिंह म्हणाले, "पोरी, माझ्यात मीठ घालू नकोस हं."

'रक्तदाब,' होमनाथांनी मनात ताडलं.

बुधवारी डोंगराखालच्या बुटवल शहरातून रत्नमान शाक्य आले. बुटके, गोल, जिना चढून धापा टाकत.

"माझे मीत पलटणीत गेले होते," ते म्हणाले. "कुणी म्हणतं परतले, कुणी म्हणतं लढाईत गेले. मला जिवाला घोर लागलाय हो."

"नाव?"

"शिव शिव! नाव कसं घेऊ?"

चुकौनी आली. "मीठ नको, बाळ," रत्नमान म्हणाले.

एखाद्या साध्या माणसानं इथेच दोनात दोन मिळवून चार केले असते. होमनाथ साधे नव्हते. त्यांनी बावीस केले.

"टोळी!" रात्री जेवताना ते कुजबुजले. "दोघंही मीत शोधतात, दोघंही नाव लपवतात, दोघांनाही रक्तदाब. दोघं मिळून एकाच गरीब माणसाच्या मागावर आहेत. तो बिचारा कुठे लपून बसला असेल!"

"अहो, दोघांना एकदम बोलवा ना," हरिकला म्हणाली.

"एका अशिलाला दुसऱ्याचं तोंड दिसता कामा नये. गुप्तता, हरिकला, गुप्तता!"

गुरुवारी त्यांनी खोटी मिशी लावून रत्नमानांचा पाठलाग केला. बाजाराच्या वळणावर रत्नमान थांबले, मागे वळले आणि आपुलकीनं म्हणाले, "होमनाथबाबू, मिशी घसरलीय." शत्रू मुरलेला आहे, एवढं होमनाथांना पटलं.

संध्याकाळी हरिकलेनं पळी खाली आपटली. "डोकं न मुंडता मीठ सोडलेली दोन माणसं. कशापायी सोडलं असेल?"

"रक्तदाब."

"रक्तदाब तुमच्या मिशीला! सुतक आहे ते, सुतकात डोकं मुंडतात नि मीठ सोडतात. मीत गेला की आहे, ठाऊक नाही, म्हणून बिचारे आधीपासूनच अर्धं पाळतायत. आणि तुम्ही टोळ्या मोजताय!"

शुक्रवारी सकाळी तिनं नवऱ्याला न विचारता दोघांना जेवायला बोलावलं. गुमानसिंह आधी आले. जिन्यावर रत्नमानांची धाप ऐकू येताच होमनाथांनी त्यांना पडद्यामागे ढकललं आणि ओठांवर बोट ठेवलं. रत्नमान येऊन बसले. हरिकलेनं पडदा सर्रकन ओढला.

दोघं म्हातारे बघत राहिले. गुमानसिंहांचा पलटणीतला कणा जरा वाकला. त्यांनी हात जोडले.

"दर्शन, मीतज्यू."

"दर्शन, मीतज्यू," रत्नमान उठत म्हणाले. "थकलात हो."

"तुम्ही कुठे कोवळे राहिलात?"

मग दोघंही पोरांसारखे रडले. नाव मात्र कुणीच घेतलं नाही.

"उद्या मी चाललो, मीतज्यू."

"आज तर आहात ना! बसा इथे."

"म्हणजे," होमनाथ हळूच म्हणाले, "रक्तदाब नव्हताच?"

"पोरी," गुमानसिंहांनी डोळे पुसले, "आता मीठ आण. आधी मीतज्यूंना वाढ."

या प्रकरणात आपणही काही करावं, असं होमनाथांना फार वाटलं. ते लगबगीनं आत धावले, बरणी घेऊन आले आणि दोघांच्या वाटीत स्वतःच्या हातानं चमचा चमचा घातलं. हरिकलेनं बरणी पाहिली आणि कपाळावर हात मारला. साखर होती.

गुमानसिंहांनी एक घास खाल्ला. नजर समोरच्या चेहऱ्यावरून हलली नाही.

"मीठ अगदी बेताचं पडलंय," ते म्हणाले.

"मीतज्यू म्हणतात ते खरं आहे," रत्नमान म्हणाले आणि त्यांनी वाटी पुढे केली. "अजून थोडं घाला."