डावा पाय आणि सहा आकडे

दवाखान्यातले सगळे एक्स-रे क्लाउडवर गेले, आणि एक्स-रेवाल्या तात्यांच्या पायाला भिंगरी लागली.

नियम साधा होता. एक्स-रे उघडायचा तर पासवर्ड टाकायचा, मग तात्यांच्या मोबाईलवर सहा आकडी कोड येणार, तोही टाकायचा. कोडचं आयुष्य तीस सेकंद. पण एक्स-रे खोलीत मोबाईलला बंदी, तो गेटवर पैलवान वॉचमनकडे जमा. हेही सुरक्षेसाठीच. गेट ते खोली, तात्यांच्या गुडघ्यानं, चार मिनिटं.

त्या दिवशी पाय मोडलेली आजी ऑपरेशनच्या टेबलावर. डॉक्टरांनी विचारलं, "कुठला पाय?"

"डावा रे बाबा! सुजलाय, दिसत नाही का?"

"आजी, हा झाला एक पुरावा. नियमाला दोन लागतात. तात्या, एक्स-रे!"

तात्या लंगडत गेटवर गेले, आकडे पाठ करत परत आले. कोड मेलेला. पुन्हा गेले, पुन्हा मेला. असं चारदा झालं. पाचव्यांदा चुकलं की खातं उद्यापर्यंत बंद, आणि आजी टेबलावर तशीच.

शेवटी तात्यांनी जिन्यावर झाडणाऱ्या मावशीला मधे उभं केलं. गेटवरून पैलवानानं बोंब ठोकली, "चार! नऊ! शून्य!" मावशीनं ती पुढं ढकलली.

"शून्यानंतर काय गं?" तात्या खोलीतून ओरडले.

"सात! अहो सात!" रांगेतले पेशंटसुद्धा ओरडले. "मग दोन, आठ!"

एक्स-रे उघडला. डावा पाय.

"मग मी काय तमिळात सांगत होते?" आजी म्हणाली.

दवाखान्याच्या साहेबांच्या कानावर गेलंच. तात्यांना वाटलं, गेली नोकरी. साहेबांनी परिपत्रक काढलं: कोड यापुढं मोठ्यानं, स्पष्ट आणि दोनदा पुकारावा. मावशी झाल्या सुरक्षा सहायक. कोड कुणाच्या कानावर पडू नये म्हणून गेटवर पाटी लागली, 'कृपया ऐकू नये.'

पासवर्ड तर आधीपासून सगळ्या गल्लीला पाठ. तेव्हापासून गेटसमोरचा न्हावी मोबाईलवर एक्स-रे उघडून, दाढी करता करता गिऱ्हाइकाला सांगतो, कुणाचं कुठलं हाड मोडलंय.

हसताय? काल बाल्कनीत उभं राहून आतल्या खोलीत कोड ओरडून सांगणारे तुम्हीच ना? पाच आकडे आले ऐकू. सहावा राहिला.

जरा मोठ्यानं सांगा.