नूडलरावांचं पान

आमच्या शेजारचे खटावकरकाका दर रविवारी दुपारी एका काचेच्या पेटीसमोर मांडी घालून बसतात. गळ्यात तुळशीची माळ, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात पोळ्या भाजायचा चिमटा. चिमट्यात उंदराचं पिल्लू. आणि पेटीतल्या सापाला ते म्हणत असतात, ‘घ्या, घ्या. लाजू नका. एवढ्यानं काय होतंय!’

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातली साबुदाण्याच्या खिचडीची वाटी तिथेच ठेवून घरी पळाले होते. मला पालसुद्धा चालत नाही. नवरा म्हणाला, ‘अगं, पायथन आहे तो, विषारी नसतो. आणि केवढासा आहे!’ केवढासा का असेना, साप तो साप. पुढे मात्र माणसाला कशाचीही सवय होते म्हणतात, तशी मला या दोघांची झाली.

काका मूळचे वाईकडचे. साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी केली, पण पंचक्रोशीत त्यांचं नाव झालं ते आग्रहासाठी. लग्न कुणाचंही असो, जिलबीचं ताट घेऊन पंगतीत फिरायला खटावकरच लागायचे. पाहुण्यानं पानावर आडवा हात धरला की हे त्या हाताच्या बोटांवर जिलबी ठेवायचे. ‘माझ्या हातून उपाशी उठलेला माणूस दाखव,’ असं ते आजही मला सुनावतात. तसा माणूस इथे परदेशात, आमच्या टार्निटच्या वस्तीत तरी मला दाखवता येणार नाही. आमच्याकडे गॅसचं मीटर बघायला आलेल्या माणसाला त्यांनी कुंपणावरून हाक मारून तीन थालीपीठं खायला घातली होती. तो ‘नो वरीज मेट, आय अ‍ॅम फुल’ म्हणत होता आणि हे लोणी वाढत होते.

काकू गेल्यावर मेघनानं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, त्यांना इथे आणलं. चार बेडरूमचं घर, मुलगी, जावई, नात इरा. साप इराचा. वाढदिवसाला हट्ट करून घेतलेला, पेन्सिलीएवढा. नाव तिनं ठेवलं नूडल. काका त्याला नूडलराव म्हणतात, कारण नागाच्या जातीला अरेतुरे करायची त्यांच्यात पद्धत नाही. पुढे जावयाला ब्रिस्बेनला चांगली नोकरी लागली. साप दुसऱ्या राज्यात न्यायचा तर परवानगीची भानगड होती, शिवाय तिकडचा फ्लॅट लहान. वर्षभरात बघू, असं ठरलं. नूडलराव इथे राहिले, आणि त्यांच्याकडे बघायला काका राहिले. सापाचं लायसन्सही काकांच्या नावावर झालं. ‘या देशात माझ्या नावावर एवढी एकच इस्टेट आहे,’ असं ते आल्यागेल्याला सांगतात.

मेघना जाताना मला म्हणाली होती, ‘वैशाली, बाबांकडे जरा लक्ष ठेव हं.’ सापाकडे लक्ष ठेव असं म्हणाली नव्हती. पण दोन्ही माझ्याच गळ्यात पडलं, कारण काका गाडी चालवत नाहीत आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचं दुकान आहे वेरिबीला.

त्या दुकानात आमच्या किती फेऱ्या झाल्या असतील! आधी काकांनी अंथरायला लाकडाचा भुसा घेतला, सुपरमार्केटमधला, सशांसाठी मिळतो तो. छान वास यायचा त्याला. दुकानातली बाई कपाळावर हात मारून म्हणाली, ‘पाइनचा? तो वासच वाईट, त्याच्या छातीला त्रास होतो. आत्ताच्या आत्ता काढा.’ मग वाळूचा विचार झाला. ती खाण्याबरोबर पोटात जाते, तीही नको. मग एके दिवशी काकांनी मला अभिमानानं पेटी दाखवली. आत एक मऊसूत, विटक्या जांभळ्या रंगाचं कापड चौघडी करून घातलेलं. काकूंचं जुनं लुगडं.

‘लहान जिवाला नवं कापड टोचतं,’ काका म्हणाले. ‘मेघीलासुद्धा तिच्या आईच्या लुगड्याचीच दुपटी होती.’

दुकानातली बाई मात्र ऐकेना. धागे सुटतात, अंगाला गुंडाळले जातात, दातात अडकून पोटातही जातात. लहान आहे तोवर साधा किचन टॉवेलचा कागद घाला, ओला झाला की दिसतो, काढून टाकता येतो. काकांनी लुगडं काढलं, धुतलं, घडी करून कपाटात ठेवलं. तेव्हापासून ते कागद घालतात, पण घालतात कसा? चारही कोपरे आत मुडपून, वरून तळवा फिरवून, एक सुरकुती राहू देत नाहीत. मी एकदा म्हटलं, ‘काका, तो काही कुरकुर करणार नाहीये.’ तर म्हणाले, ‘करत नाही म्हणून आपण करायचं नाही होय?’

जेवणाचा थाट तर विचारूच नका. उंदीर गोठवलेले मिळतात. ते आदल्या दिवशी फ्रीजरमधून खाली काढायचे, रविवारी पिशवीत घालून कोमट पाण्यात सोडायचे. मायक्रोवेव्ह चालत नाही. पाणी कोमट आहे की नाही ते काका कोपर बुडवून बघतात, जसं तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं बघतात. त्यांचा स्वतःचा फ्रीजर बंद पडला तेव्हा ती पिशवी चार दिवस आमच्याकडे मुक्कामाला होती. नवरा आइस्क्रीम शोधायला गेला आणि तसाच परत आला. आइस्क्रीमचं नाव त्यानं महिनाभर काढलं नाही. आणि काका? माळकरी माणूस, अंडंसुद्धा शिवत नाही. सगळं झालं की डोक्यावरून आंघोळ करतात, देवापुढे उभे राहतात आणि मग चहा घेतात. ‘त्याचं अन्न त्याला दिलं,’ म्हणतात. ‘पान वाढणाऱ्यानं पानात काय आहे ते बघू नये.’

हा सगळा थाट रविवारी चारलाच का, ते मला हळूहळू कळलं. चारला इराचा फोन येतो.

टॅब्लेट पेटीशेजारी डब्याला टेकवून ठेवलेला असतो. इरा पडद्यावर आली की काका चिमटा उचलतात, आधी नाही. ‘हाय आजू! इज ही हंग्री?’ ‘वाटच बघतोय तुझी.’ नूडलराव मान वर करतात, झडप घालतात, विळखा घालतात आणि सावकाश गिळायला लागतात. गिळायला त्यांना बराच वेळ लागतो, आणि तेवढा वेळ इरा काकांची असते. ‘शाळा काय म्हणते?’ ‘गुड.’ ‘नवी मैत्रीण झाली का?’ ‘येस. ओह, लुक, द टेल!’ शेपूट आत गेली, मान सरळ झाली, की ‘ओके, बाय आजू, लव्ह यू!’ आणि पडदा काळा.

एकदा मी विचारलं, ‘एरवी तुम्हीच का नाही लावत फोन?’

‘मी लावला की ते कामात असतात,’ काका म्हणाले. ‘तिनं लावला की ती मोकळी असते. फरक आहे त्यात.’

मधे एकदा मी बुधवारी डबा द्यायला गेले तर टॅब्लेट लावलेला, चिमटा हातात. ‘आज कसं काय?’ ‘भुकेला दिसला गं. इराला कळवलं, तर लगेच म्हणाली दाखव.’ पुढच्या रविवारी बघते तर एकाच्या जागी दोन उंदीर. दुसरा जरा मोठाच होता. ‘घ्या हो, एवढ्यानं काय होतंय!’ दुसरा गिळायला नूडलरावांना चांगलाच वेळ लागला. इरानं त्या दिवशी शाळेतल्या नाटकाचं सगळं सांगितलं, गाणंसुद्धा म्हणून दाखवलं. काका इतके खूश होते की मला कुंपणावरून ते गाणं त्यांनी पुन्हा म्हणून दाखवलं. इंग्रजी गाणं, वाईच्या चालीत.

माणूस पानावर हात आडवा धरतो. सापाला हात नाहीत.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी मी घरूनच ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना काकांनी दार ठोठावलं. चेहरा पांढराफटक. ‘वैशाली, त्यानं सगळं बाहेर टाकलं गं.’ मी मीटिंग सोडली. पेटी काकांच्या मांडीवर ठेवून आम्ही वेरिबीला प्राण्यांच्या डॉक्टरकडे निघालो. रस्त्यात ट्रॅफिक, काका पेटीवर शाल पांघरून बसलेले. ‘गेला तर मी पोरीला काय दाखवू?’ एवढंच ते दोनदा म्हणाले. मी पुढे बघून गाडी चालवत राहिले.

डॉक्टर तरुण होता, हातावर पालीचा टॅटू. त्यानं नूडलरावांना उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, ‘किती वेळा खायला घालता, मेट?’ काकांनी सांगितलं. खोटं बोलायची त्यांना सवयच नाही. डॉक्टर हसला नाही, ओरडलाही नाही. म्हणाला, ‘दोन आठवडे काही देऊ नका, पोटाला आराम हवा. मग एक छोटा द्या. तो पोटात टिकला की सापाच्या अंगाच्या जाडीएवढा एकच, आणि तोही दोन आठवड्यांनी.’

‘दोन आठवड्यांनी?’ काकांनी माझ्याकडे पाहिलं, आपण बरोबर ऐकलं ना, अशा नजरेनं. ‘पण तो दर रविवारी जेवतो.’

‘पिल्लू होता तेव्हा. ही इज नॉट अ बेबी एनीमोर.’

‘आणि अगदी बारीक दिला तर? नावाला? दर रविवारी?’

डॉक्टरनं मान हलवली. पुढे आणखी मोठा झाला की महिन्यातून एकदाही पुरेल, असं त्यानं धीर देण्यासाठी सांगितलं. साप वाचणार होता. गाडीत बसल्यावर काकांच्या तोंडावर आनंद दिसेल म्हणून मी वळून पाहिलं, तर ते बोटांवर काहीतरी मोजत होते.

इराला त्यांनी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. ती घाबरली, रडली, मग बरा होणार म्हटल्यावर गप्प झाली. ‘सो नो फीडिंग धिस संडे?’ ‘नाही बाळा.’ ‘ओके आजू. टेल मी व्हेन ही ईट्स.’ पोरीची काही चूक नाही. दहा वर्षांची आहे, शनिवारी पोहणं असतं, रविवारी मैत्रिणी असतात. मला उगीच राग आला, आणि कुणावर काढावा ते कळेना.

त्या रविवारी मी मुद्दाम चारला गेले. कांदेभजी घेऊन गेले होते. काका इस्त्रीचा शर्ट घालून पेटीसमोर बसलेले, शेजारी टॅब्लेट टेकवलेला. चिमटा नव्हता. नूडलराव दिव्याच्या उबेला वेटोळं करून झोपलेले.

‘आज नाही ना त्याचं जेवण?’

‘नाही.’

‘मग?’

‘चुकून लावलाच तिनं तर... मी इकडेतिकडे नको.’

मी भजी मध्ये ठेवली आणि बसले. काकांनी एकच खाल्लं. मला एकदाही ‘अजून घे’ म्हणाले नाहीत. टॅब्लेटची स्क्रीन आपोआप बंद व्हायची, ते बोटानं पुन्हा जागी करायचे. अंधार पडायला लागल्यावर मी उठले. त्या दिवशी मला त्या घराचा मोठेपणा पहिल्यांदा बोचला. चार खोल्यांची दारं बंद, आणि एका खोलीत एक म्हातारा आणि एक साप.

पुढचा रविवारही तसाच गेला. त्याच्या पुढच्या रविवारी मात्र छोटा उंदीर नूडलरावांनी एका झडपेत घेतला. इरानं टाळ्या वाजवल्या, काकांनी डोळे पुसले. उंदीर इतका छोटा की लगेच संपला. ‘बाय आजू, लव्ह यू!’

आंघोळ आणि देव आटोपून काका आमच्याकडे चहाला आले.

‘वैशाली, शनिवारी वेळ आहे तुला? वेरिबीच्या दुकानात जायचं होतं.’

‘चला की. कागद संपला का?’

‘कागद आहे.’ त्यांनी कप खाली ठेवला. ‘आणखी एक घ्यावा म्हणतो.’

‘आणखी एक काय?’

‘साप गं. मधला रविवार रिकामा जातो ना. पण त्या बाईला तू इंग्रजीत नीट विचार हं, अगदी पिल्लूच पाहिजे म्हणावं, नुकतं अंड्यातून आलेलं. दर आठवड्याला जेवणारं.’